अनुभव धागा: बाळाला वरचं खाणं कधी सुरू केलंत, आणि वेळ झाली हे कसं ओळखलंत?

खिडकीवेडी
माळ्यावरची बॅग उपसत होते तर लेकीचा पहिला चमचा हाती लागला, मऊ प्लास्टिकचा, कडा पार चावून ठेवलेल्या. पाचव्या महिन्यात ही बया आमच्या ताटाकडे अशी टक लावून बघायची की आपल्यालाच घास उतरेना. सासूबाईंचं म्हणणं, भूक लागलीय तिला, द्या काहीतरी. नवऱ्याचं म्हणणं, सहा म्हणजे सहा, अजून तारीख यायचीय. शेवटी चमच्याच्या टोकावर जरासं कुस्करलेलं केळं लावून दिलं तर जिभेने सरळ बाहेर, हनुवटीवर. परत आत सारलं, परत बाहेर. डॉक्टर म्हणाल्या, राहू दे, जीभच सांगतेय थांबा म्हणून. थोडे आठवडे गेले, तोवर टेकून छान बसायला लागली होती, आणि एक दिवस चमचा पुढे केला तर तिनेच ओठ मिटून घेतले त्याच्यावर, चमचा ओढला तर स्वच्छ कोरा बाहेर! मला रडूच आलं, कशाला ते विचारू नका.
तुमच्याकडे कसं झालं? लिहा.

अर्धवटचहा
हातात बाळ आहे, एका बोटाने टाइप करतेय, शुद्धलेखन माफ. आमचा ५ महिन्यांचा. मूठ सतत तोंडात, रात्री सारखा उठतो, दूध संपलं की अजून पाहिजे. जो येतो तो म्हणतो दूध पुरत नाहीये त्याला. करू का सुरू?

रात्रपाळी
@अर्धवटचहा, मी बालविभागात नर्स आहे, हे रोज ऐकते. मूठ चोखणं, रात्री उठणं, जास्त दूध मागणं यातली एकही वरच्या खाण्याची खूण नाही. या वयात सगळीच पोरं करतात. वाढीचा झपाटा आला की चार दिवस जास्त पितात आणि परत जागेवर येतात.
बघायचं ते हे: टेकवून बसवलं की मान न डुगडुगता सरळ राहते का, समोरची वस्तू बघून, उचलून, नेमकी तोंडात घालता येते का आणि तोंडात गेलेलं गिळतो का, का जिभेने ढकलून देतो. जीभ ढकलणं ही जन्मजात सोय आहे, साधारण ४ ते ६ महिन्यांत ओसरते. तिन्ही एकत्र दिसायला हवं, आणि ते बहुतेकांचं सहाव्याच्या आसपास जमतं. ४ महिन्यांच्या आत तर नाहीच नाही. आणि कुणी सांगितलं तरी बाटलीतल्या दुधात पीठबिठ कालवून देऊ नका प्लीज.

अर्धवटचहा
मान धरतो छान पण बसवला की बटाट्याच्या पोत्यासारखा कलंडतो 😂 म्हणजे थांबते.

जुनं_खोड
आमच्या वेळी डॉक्टरच चौथ्या महिन्यात सुरू करा म्हणायचे. माझी तिन्ही धडधाकट आहेत हो. आता सुनेला काही बोलायची सोय नाही, लगेच मोबाईल दाखवते.

रात्रपाळी
काकू, तुमच्या डॉक्टरांचं तेव्हाच्या हिशोबाने बरोबरच होतं. सल्लाच ४ ते ६ महिने असा होता. जागतिक आरोग्य सभेने २००१ मध्ये पहिले ६ महिने फक्त आईचं दूध असं ठरवलं. सुनेचा मोबाईल आणि तुम्ही, दोघीही खऱ्या.

जुनं_खोड
हे तिला दाखवते आता 😄

दोन_पाळणे
आमचे जुळे, दिवस भरायच्या बरेच आधी आलेले. कॅलेंडर बघायचं तरी कुठलं? डॉक्टरांनी जन्मतारखेऐवजी अपेक्षित तारखेपासून वय मोजायला सांगितलं, तेही म्हणाले की अशा बाळांचं प्रत्येकाचं वेगळं बघावं लागतं. आणि खरंच, एकच पोट, एकच दिवस, पण मुलगी आ वासून तयार आणि मुलगा तोंड फिरवून बसलेला. तिला भरवताना तो बघायचा, बघून बघूनच शिकला असं मला वाटतं. बाय द वे जुळ्यांसाठी कुणाला चांगली बाबागाडी माहितीये का, दारातून जाणारी?

शांत_बाबा
नावावर जाऊ नका. पोराला पहिल्यांदा उबळ आली, ऑक ऑक आवाज, डोळ्यात पाणी, चेहरा लाल, मी खुर्चीवरून उडालो आणि बायको म्हणते थांब, करू दे त्याला. तिने प्रथमोपचाराचा क्लास केलेला. आवाज येतोय, खोकतोय म्हणजे हवा जातेय, तो स्वतःच घास पुढे आणतोय. खरंच अडकलं तर आवाज येत नाही, ते घाबरायचं. त्यानंतर मीपण क्लास केला, सगळ्यांनी करा. द्राक्षं उभी चिरून, अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नाही. बाकी आमच्याकडे जास्तीत जास्त खाणं कुत्र्याने खाल्लं, त्याचंच वजन वाढलं.

टिकलीपुराण
मी उलट बाजूची. आमच्याकडे सगळे म्हणे दात येऊ देत मग बघू. अहो हिरड्या काय कमी असतात, बोट देऊन बघा! डॉक्टर म्हणाले पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच, म्हणून फार लांबवणंही बरं नाही. सुरुवात लोह असलेल्या पदार्थांनी करा म्हणाले, नुसत्या फळांवर नको.

रात्रपाळी
+१. पण ताण घेऊ नका, ६ ते ८ महिन्यांत वरच्या खाण्यातून दिवसाला २०० कॅलरीच्या आसपास लागतात, बाकी सगळं दूधच. दोन चमचे खाऊन तोंड फिरवलं तर जेवण झालं, विषय संपला. मागे धावायचं नाही.

लिंबूसरबत
अ‍ॅलर्जीचं काय? आमच्या घरात सगळे शिंकरे. शेंगदाणा, अंडं मोठं झाल्यावर ना?

टिकलीपुराण
मलापण तसंच वाटायचं, पण २०१५ मध्ये एक मोठी चाचणी झाली त्यात जास्त धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिला तर त्याची अ‍ॅलर्जी कितीतरी कमी झाली. अख्खा दाणा नाही हं, पातळ पेस्ट. मोठं इसब असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. मध मात्र वर्षाच्या आत अजिबात नाही, बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो, चाटवायचाही नाही.

खिडकीवेडी
किती छान लिहिताय सगळे, दूध उतू गेलं माझं वाचता वाचता.

शांत_बाबा
अवांतर: केळ्याचे डाग कसे काढता? ताजे दिसत नाहीत आणि धुतल्यावर काळे उगवतात.

दोन_पाळणे
लगेच गार पाण्यात. सुकले की गेलं ते झबलं. बाबागाडीचं कुणी सांगेल का??

जुनं_खोड
दार मोजून घे बाई आधी.