कोरकू मुलांची वाचनचाचणी मराठीतून घ्यावी का?

प्रश्न : मेळघाटातील पहिली-दुसरीच्या वर्गांवर मी शोधनिबंध लिहीत आहे. घरी केवळ कोरकू बोलणारे मूल मराठी उतारा वाचताना अडखळले, तर ती वाचनातील उणीव समजावी की भाषेची अनोळख?

प्रतिसाद १ : दोन्ही गोष्टी वेगळ्या मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. कोरकू ही मुंडा या मराठीहून वेगळ्या भाषाकुळातील भाषा असल्यामुळे, अहिराणी बोलणाऱ्या मुलाला मराठीत जो ओळखीचा धागा सापडतो, तो या मुलाला सापडत नाही. पाण्याला ‘डा’ म्हणणारे मूल चित्रातील हंडा अचूक ओळखते, परंतु त्यावर मराठीत विचारलेला प्रश्नच त्याला कळत नाही. आधी तोंडी आकलन कोरकूतून तपासावे, अक्षरओळख स्वतंत्रपणे.

प्रतिसाद २ : कायद्याची बाजूही मांडा. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम २९ नुसार शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मातृभाषा असावे. माझ्या मते सगळी पळवाट त्या ‘व्यवहार्य’ शब्दातच आहे. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याविषयीचा संविधानातील अनुच्छेद ३५० क सुद्धा पाहावा.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. तोंडी चाचणीसाठी गावातीलच कोरकूभाषक अंगणवाडी सेविकेची मदत घेते; उच्चारांच्या नोंदी मात्र देवनागरीतच ठेवीन.