लहानग्यांना मांजराआधी सुरवंट द्या

लहान मुलांना चित्रात कोणता प्राणी काढायला द्यावा, यावर ‘मांजर सगळ्यांत सोपं, दोन गोल आणि वर दोन त्रिकोणी कान’ असं सुचवलं जातं. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी ते अगदी बरोबर आहे, पण साडेतीन-चारची मुलं नेमकी त्या कानांपाशी अडतात. बघून गोल काढणं साधारण ३ वर्षांच्या सुमारास जमतं, चौकोन ४-साडेचारला आणि त्रिकोण ५ च्या आसपास. तिरकी रेघ हाताला उशिराच वळते. मग कान वाकडे होतात, मूल खोडत बसतं आणि शेवटी कागद आपल्याकडे सरकवून ‘तूच काढ’ म्हणतं. या वयाला सुरवंट उत्तम: एकाला एक चिकटलेले गोल, खाली उभ्या रेघांचे पाय. ससाही चालेल, त्याच्या कानांना टोक लागत नाही.

आणि पाय थेट डोक्यातून फुटले तर कृपा करून दुरुस्त करू नका. या वयात माणसंही तशीच काढली जातात, जगभर. हात धरून गिरवून घेण्याला तर माझा ठाम विरोध आहे, त्यात मूल बघायचं सोडून देतं. त्यापेक्षा प्रश्न विचारा. भाचीने असाच डोक्यातून पाय फुटलेला प्राणी काढला होता, तिला मी विचारलं, ‘याने खाल्लेलं गवत जातं कुठे?’ तिने जरा विचार केला आणि दोन पायांच्या मधोमध एक गोल काढून तो हिरव्या खडूने गच्च भरला. शेपूट कुठे लावायची, हे मग तिनेच मला विचारलं.