कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात आला तेव्हा... आपापले अनुभव लिहा

गंगावेसकर
काल दूध कट्ट्यावर तालमीतलं एक पोरगं म्हशीचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या संपवताना दिसलं आणि आमचे थोरले काका आठवले. मातीतले पैलवान. कुस्ती सुटली, पण तूप, थंडाई, मटण काही सुटलं नाही. अंगानं मात्र सडपातळ, त्यामुळं ह्यांना काय होतंय, असंच घरात सगळ्यांना वाटायचं. पन्नाशीत, आषाढातलं जेवण उरकून पान खाताना खांद्यातून कळ आली. पित्त म्हणून सोडा पाजला. दवाखान्यात न्यायला पहाट झाली. वाचले, पण हृदय निम्म्यावर आलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 200 च्या वर. डॉक्टर म्हणाले, हे नुसतं ताटातलं नाही, रक्तातनं आलंय, भावांची-पोरांची सगळ्यांची तपासणी करा. मी तेव्हा कॉलेजात फुटबॉल खेळत होतो, माझंही वाढलेलंच निघालं. तेव्हापासून गोळी चालू आहे.
तुमच्याकडं काय झालं? सल्ले नकोत, अनुभव लिहा.

पेठेतली सून
सासऱ्यांचं एलडीएल 168 आलं. लगेच घरात फर्मान, आजपासून पांढरा रस्सा बंद, तांबडा चालू. का, तर पांढऱ्यात चरबी दिसते! तांबड्यावर तरंगतो तो कट काय पंचगंगेचं पाणी आहे? पुढचं नंतर लिहिते, दूध उतू गेलं.

नादखुळा
सासरे एक नंबर 😂

सुईवाला
लॅबमध्ये आहे, म्हणून रोज बघतो. लोक फक्त टोटल बघतात, 200 च्या आत आलं की खूश. अहो, खाली पण बघा. एलडीएल साधारण 100 च्या आत पाहिजे, अटॅक येऊन गेलेल्याला 70 च्या खाली, काही डॉक्टर तर 55 म्हणतात. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषांना 40, बायकांना 50 च्या वर. आपल्याकडं टोटल ठीक, एचडीएल 32 आणि ट्रायग्लिसराईड (रक्तातली दुसरी चरबी) वाढून 280, असले रिपोर्ट ढिगानं. घरात लवकर अटॅक आलेले असतील तर लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉलचा एक कण) पण एकदा तपासून घ्या, ते जन्मजात असतंय, पथ्यानं फारसं हलत नाही.
आणि रविवारी रात्री कार्यक्रम करून सोमवारी सकाळी हात पुढं करू नका, हात जोडून विनंती.

ऊसवाला
घाण्याचं शेंगतेल आणलंय, बाटलीवर कोलेस्टेरॉल फ्री छापलंय. चांगलं ना?

सुईवाला
शेंगेत कोलेस्टेरॉल असतंय कधी? ते प्राण्यांच्या पदार्थात. उसावर पण बिनहाडाचा म्हणून छापा मग.

ऊसवाला
🙏 घाणा कुठला विचारू नका, दर वाढवतोय तो

राजारामपुरी
मावशीचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तिनं गोळी बंद केली. अगं बाई, गोळीमुळंच नॉर्मल आला होता! काही महिन्यांत एलडीएल पहिल्या जागेवर. आईचं वेगळं, तिच्या मांड्या दुखायला लागल्या. तिनं डॉक्टरांना विचारलं, त्यांनी रक्त तपासून गोळी बदलून दिली, आता ठीक आहे. भावानं ज्ञान पाजळलं की पहिलं स्टॅटिन, म्हणजे ह्याच जातीची कोलेस्टेरॉलची गोळी, जपानच्या अकिरा एंदोंनी बुरशीतनं शोधलं. बुरशी ऐकल्यावर आईनं त्या रात्री गोळी घेईना. सोवळ्यातली आहे ती.

चूल आणि मी
पाळी गेली आणि एलडीएल वाढलं. खाण्यात काडीचा बदल नव्हता. घरचे म्हणतात, तू गुपचूप काहीतरी खातेस.

पेठेतली सून
ताई, माझ्या आईचं पण अगदी असंच. तिकडं लक्ष देऊ नका. तपासत राहा.

रंकाळा राउंड
आमचा ग्रुप रोज रंकाळ्याला फेरी मारतो. फेरी झाली की मिसळ. एक्स्ट्रा कट. वजन तेवढंच आहे बघा कित्येक वर्षं, स्थिर!

कोपऱ्यातला
सगळे तेला-तुपावर बोलायलेत, तंबाखूच्या माव्यावर कोणच बोलंना. गंगावेसकर, काकांचं पान साधं होतं का तंबाखूचं?

गंगावेसकर
तंबाखूचं. दिवसातनं किती, ते काकूच सांगू शकेल.

कोपऱ्यातला
मग सगळा दोष तुपाच्या नावावर टाकू नका. माझा मित्र गेला, चाळीशी पण नव्हती. एलडीएल ठीकठाक होतं, शुगर नव्हती. दिवसभर मावा आणि सिगरेट.

चूल आणि मी
🙏 फार वाईट.

राजारामपुरी
बेकरीची खारी पण घ्या ह्यात. 2022 पासून तेला-तुपात ट्रान्सफॅट (हृदयाला घातक चरबी) 2 टक्क्यांच्या आत पाहिजे असा नियम आहे, पण तेच तेल दिवसभर उकळणाऱ्या भज्याच्या कढईला कोण विचारतंय?

रंकाळा राउंड
भजी काढू नका ओ, बाहेर पाऊस लागलाय.

नादखुळा
सुईवाले, उद्या येतो. उपाशी लागतंय का?

सुईवाला
पहिल्यांदा असेल तर बऱ्याचदा नाही लागत, डॉक्टरांना विचारा. मागं ट्रायग्लिसराईड जास्त आलं असेल तर 10-12 तास. पाणी चालतंय, चहा नाही.

नादखुळा
जास्तच आलेलं. चहा पण नाही??

सुईवाला
नाही.

नादखुळा
मग परवा बघू.