आभासी जगात शोरूम: अंबडमधल्या छोट्या युनिटनं पैसे घालावेत का? सल्ला हवा

पाऊचवाला
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं पॅकिंग मशिनं बनवायचं युनिट आहे. वडील, मी आणि अकरा कामगार. बेदाणा, मसाले, शेंगदाणे असा माल पाऊचमध्ये भरणारी मशिनं करतो. दोन वर्षांपासून केनिया आणि ओमानहून चौकशा येतात, पण तिथलं गिऱ्हाईक मशिन डोळ्यांनी बघितल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देत नाही. परदेशातल्या प्रदर्शनात मशिन न्यायचं तर क्रेट, भाडं, स्टॉल धरून नफ्यातलं काही उरत नाही.

मागच्या आठवड्यात एक एजन्सी आली. मेटाव्हर्समध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या थ्रीडी आभासी जगात, जमीन घ्यायची, तिच्यावर शोरूम बांधायची, जगभरातून लोक येतील म्हणाले. साडेसहा लाखांचं कोटेशन, त्यातले दोन लाख जमिनीचे आणि तेही क्रिप्टोत. वडिलांनी सांगितलं, ज्या जमिनीला सातबारा नाही ती आपण घ्यायची नाही. मला मात्र अजून वाटतं की यात आपल्या कामाचं काहीतरी आहे. कुणी प्रत्यक्ष केलंय का?

गंगापूररोड_काका
वडिलांचं ऐका, पण तुमचं वाटणंही सोडू नका. मी २००७ साली पुण्यात नोकरीला होतो. आमची टीम एका परदेशी कंपनीसाठी सेकंड लाइफ नावाच्या आभासी जगात बांधकाम करायची. नवीन लोकांसाठी सांगतो: लिंडन लॅबनं हे जग २००३ मध्ये सुरू केलं. त्यात स्वतःचं चलन, लिंडन डॉलर, आणि ते खऱ्या डॉलरमध्ये बदलून मिळायचं. २००६ च्या सुमारास मोठ्या कंपन्या तिथे धावल्या. रॉयटर्सनं आतल्या बातम्यांसाठी वार्ताहर नेमला, अमेरिकन अ‍ॅपरलनं कपड्यांचं दुकान थाटलं. ते दुकान २००७ मध्ये बंदही झालं.

आम्ही बांधलेल्या इमारतीचंही तेच झालं. उद्घाटनाला गर्दी, पुढच्या आठवड्यापासून शुकशुकाट. मी कित्येक संध्याकाळी आत जाऊन उभा राहायचो. सगळं सुंदर होतं, पण परत येण्याचं कारणच आम्ही कुणाला दिलं नव्हतं. आत मुक्काम करणारी माणसं एकमेकांसाठी यायची. एकमेकांना कपडे, घरं, केसांच्या ठेवणी विकायची, आणि त्यांचा धंदा खरोखर चालायचा.

त्याच काळातलं एक उदाहरण मी आजही सगळ्यांना सांगतो. स्टारवुड या हॉटेल कंपनीनं आपलं ‘अलॉफ्ट’ हॉटेल २००६ मध्ये आधी सेकंड लाइफमध्ये उभं केलं. पहिलं खरं हॉटेल उघडलं २००८ मध्ये. आत फिरणाऱ्यांनी सूचना केल्या आणि विटा रचायच्या आधी आराखडा सुधारता आला. बीएमडब्ल्यूनं हंगेरीतला डेब्रेट्सेनचा कारखाना २०२३ मध्ये असाच आधी संगणकात चालवून पाहिला, प्रत्यक्ष उत्पादनाच्या दोनेक वर्षं आधी. तालीम म्हणून हे माध्यम फार मोलाचं आहे. रस्त्यावरून जाणारं गिऱ्हाईक आत शिरेल या आशेवर मात्र दुकान टाकू नका.

आणि जमिनीचं म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टचं अल्टस्पेसव्हीआर हे असंच आभासी जग मार्च २०२३ मध्ये बंद झालं. तिथे खपून मांडलेल्या जागा त्याबरोबर गेल्या. एवढ्या मोठ्या कंपनीचं जग टिकलं नाही, मग तुमची शोरूम किती वर्षं राहील याची हमी एजन्सीकडून लेखी मागा.

सीए_पंचवटी
फक्त कराचं सांगते. क्रिप्टो आणि एनएफटी (अशा आभासी जमिनीच्या मालकीची डिजिटल नोंद) दोन्हींच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून सरळ ३० टक्के कर आहे. तोटा झाला तर तो धंद्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही. वर टीडीएसची कटकट. दोन लाखांसाठी युनिटच्या वह्यांत हे आणू नका.

येवल्याची_सून
आमचं पैठणीचं दुकान आहे. आम्ही थ्रीडी दालन करून पाहिलंय, म्हणून लिहिते. मोर, नारळी, सगळं छान दिसायचं. पण हातमागाच्या पैठणीची पारख पदर उलटून करतात, मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ लागते. ते बोटांना कळतं, पडद्यावर नाही. शेवटी बायका व्हिडिओ कॉलवरच “ताई, पदर उलटा धरा” म्हणायच्या आणि खरेदी तिथेच व्हायची. दालन आम्ही बंद केलं. तुमचं तसं नाही. मशिनमध्ये माप, जागा, हालचाल बघायची असते, त्यामुळे तुम्हाला उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

कॅडवाली
येवल्याच्या ताई अगदी बरोबर बोलल्या. पाऊचवाले दादा, तुमच्याकडे मशिनची सॉलिडवर्क्सची, म्हणजे संगणकावरच्या थ्रीडी ड्रॉइंगची, फाइल असणारच. निम्मं काम तिथेच झालंय.

ती फाइल आहे तशी फोनवर उघडणार नाही, फार जड असते. नट, बोल्ट, वॉशर, आतले गिअर काढून टाकायचे, बाहेरचं कवच ठेवायचं आणि जीएलबी या हलक्या थ्रीडी फॉरमॅटमध्ये आणायचं. मग ती एका लिंकवर ठेवता येते. केनियातला मालक स्वतःच्या शेडमध्ये उभा राहून फोनच्या कॅमेऱ्यातून तुमचं मशिन पूर्ण मापात जमिनीवर ठेवून बघेल. हॉपर (माल ओतायचं वरचं नरसाळं) छताच्या कैचीला लागतो का, ऑपरेटरला मागून फिरायला जागा उरते का, हे त्याला तिथेच कळेल. माझ्या एका गिऱ्हाइकाची ऑर्डर नेमक्या याच कारणावरून बदलली: उंची नऊ इंच कमी करावी लागली, आणि ते मशिन बनायच्या आधी कळलं.

आतली यंत्रणा काढायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ब्राउझरमध्ये दिसणारी फाइल कुणीही उतरवून घेऊ शकतो. तुमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं घासून बसवलेला कॅमचा (मशिनची हालचाल ठरवणाऱ्या फिरत्या भागाचा) आकार जगाला फुकट देऊ नका. पाऊच चिकटवणाऱ्या सीलिंग जॉचं मापसुद्धा मुद्दाम ढोबळ ठेवा.

हे जमलं की दुसरी पायरी. एक साधी आभासी खोली, मधोमध मशिन, तुम्ही आणि गिऱ्हाईक दोघं आत, वेळ ठरवून. त्याला विकत घेतलेली जमीन लागत नाही.

पाऊचवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना पूर्ण धागा वाचून दाखवला. कॅमबद्दलचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

एजन्सीला नाही कळवलंय. कॅडवाली ताई, एकच शंका. आमचं गिऱ्हाईक मशिनचा आवाज ऐकून त्याची तब्येत ओळखतं. खोलीत चालू मशिनचं खरं रेकॉर्डिंग लावता येईल का?

कॅडवाली
येईल. पण मशिन रिकामं चालवून रेकॉर्ड करू नका, माल भरून करा. बेदाणा पडतानाचा आवाज वेगळा असतो आणि जाणकाराला तो लगेच कळतो.

गंगापूररोड_काका
ऑपरेटरचं प्रशिक्षणही त्याच मॉडेलवर होईल. वॉलमार्टनं २०१८ मध्ये कर्मचाऱ्यांना शिकवायला सतरा हजार व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारे डोळ्यांवरचे चष्मे, घ्यायचं ठरवलं होतं. तुम्हाला एक पुरे. माझ्याकडे पडून आहे, घेऊन जा. मशिनमधला पाऊचच्या फिल्मचा रोल कसा बदलायचा हे ओमानच्या माणसाला आधी त्यात करून बघू द्या.

पाऊचवाला
काका, उद्या संध्याकाळी सहानंतर येतो. वडीलही येतो म्हणाले, त्यांना ते अलॉफ्टचं नीट ऐकायचंय.