अनुभव धागा: पायांची आवड, टीव्हीवरची टिंगल आणि आपण

निळीसावली (धागाकर्ती)
परवा जेवणं आटपल्यावर धाकट्या जाऊबाई मोबाईलवर कुठल्याशा अमेरिकन डेटिंग शोचे तुकडे बघत होत्या. एक तरुण पहिल्याच भेटीत समोरच्या मुलीला सांगतो की त्याला बायकांचे पाय आवडतात, म्हणजे त्या अर्थानं. लगेच संगीत बंद. मुलीचा चेहरा, मग बाकीच्यांचे चेहरे, मग खदाखदा हसणं. घरातले सगळे हसले. मला मात्र कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतला आमचा वाडा आठवला.

शेजारच्या खोलीत नवं जोडपं राहायला आलं होतं. तो उद्यमनगरात लेथवर कामाला. हळदीकुंकवाला ती कौतुकानं बोलून गेली, "हे रोज रात्री माझ्या पायांना तेल लावतात, पाय उराशी घेऊन बसतात." झालं! दुसऱ्या दिवसापासून नळावर तोच विषय. तालमीतली पोरं तो दिसला की चपला आपटायची. एकदा कुणीतरी त्याच्या सायकलच्या हँडलला जुनी स्लीपर बांधली. त्यानं गाठ सोडवली, स्लीपर कट्ट्यावर ठेवली आणि कामावर गेला. उन्हाळ्याच्या आत दोघं खोली सोडून इचलकरंजीला गेले. जाताना ती माझ्या आईला विचारत होती, "काकू, मी काय वाईट बोलले का ओ?"

त्याच वाड्यात दारू पिऊन बायकोला मारणारे दोघं होते. त्यांच्या सायकलला कधी कुणी काही बांधलं नाही. याचा मला आजही राग येतो.

तुम्ही असं काही बघितलंय, सोसलंय, टीव्हीवर बघून काही वाटलंय? लिहा. नाव नको असेल तर नवीन आयडीनं लिहा.

मंगळवारपेठी
वाचून वाईट वाटलं बगा. आमच्या तालमीत वस्तादांचे पाय चेपायला पोरांची रांग लागायची, ती सेवा. आणि नवऱ्यानं बायकोच्या पायाला तेल लावलं तर गाव गोळा!

ऊसाचारस
+१. माझा आजा आजीच्या भेगांना कोकम तेल लावायचा. सगळ्या गावाला म्हाईत हुतं. कोण हसलं न्हाई, कारण आजाच्या हातात काठी असायची 😄

चप्पललाईन
गिऱ्हाईक कमी आहे म्हणून लिहितोय, मधेच उठलो तर समजून घ्या.

आमचा पिढीजात चपलांचा धंदा. पाय बघणं हेच काम. माप घ्यायला कागदावर पाय ठेवायला सांगतो, पेन्सिल सरळ धरून कडेनं फिरवतो, मग चवड्याचा घेर, मग अंगठ्याची जागा. बायका संकोचतात, पाय मागं घेतात, "भेगा आहेत ओ" म्हणतात. वडिलांनी शिकवलं होतं, मान खाली, नजर कागदावर, तोंडानं चामड्याबद्दल बोलत राहायचं.

एक गृहस्थ यायचे, निपाणीकडचे. बायकोच्या पायाचा ठसा स्वतः काढून आणायचे. बोटाबोटाची वळणं काढलेली, कुठं कुरूप आहे तिथं फुली. वेणी अशी हवी, कान नाजूक हवेत, गोंडा नको. एवढ्या बारकाईनं कुणी सांगत नाही. दुकानातला पोरगा ते गेल्यावर काहीतरी बोलला, तेव्हा वडिलांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. म्हणाले, ज्याला बायकोच्या पायातलं कुरूप माहीत आहे त्याला हसायचं नाही. त्या बाई नंतर एकदा सोबत आल्या. चालताना चप्पल अशी करकरत होती, आणि ते बघत होते. कुणाला त्रास झाला यात? मला तर काही दिसला नाही.

सदाफुली
किती सुंदर लिहिलंत दादा.
अवांतर: कापशी चप्पल आठ नंबरमध्ये मिळेल का? आणि नवी चप्पल अंगठ्याला लागते त्यावर काय करायचं?

चप्पललाईन
मिळेल. आतल्या बाजूनं एरंडेल लावा, रात्रभर ठेवा. पावसात अजिबात घालू नका, बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं आहे, भिजलं की फुगतं.

पन्हाळ्याची_वाट
चपलांचा विषय निघालाच आहे तर, त्या प्राडा या इटालियन फॅशन कंपनीवाल्यांनी जून २०२५ मध्ये मिलानला आपली चप्पल पुरुष मॉडेलांच्या पायात घालून मिरवली, कोल्हापूरचं नावसुद्धा न घेता! २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे आपल्याकडे. ओरड झाल्यावर मग भारतीय कारागिरीची प्रेरणा कबूल केली. माफ करा, राहवलं नाही.

शिवाजीपेठेतली
मी जरा उलटं लिहितो. कुणाला लागलं तर लागू दे.

मी घरातनं कोल्हापुरी चपला विकतो, इन्स्टावर. सुरुवातीला स्वतःच्याच पायात घालून फोटो टाकायचो. पायात घातल्याशिवाय चप्पल कशी दिसते ते कळत नाही. महिन्याभरात मेसेजची रांग. "मॅडम अजून एक फोटो, तळव्याचा." "पैसे देतो, अनवाणी पाठवा." एकानं तर आधी मापं विचारली, पत्ता दिला, मी खुश की ऑर्डर आली, आणि मग खरं काय ते बाहेर आलं. ब्लॉक केलं की दुसऱ्या नावानं हजर. आता मी लाकडी साच्यावर फोटो काढतो. विक्री कमी झाली.

म्हणून त्या शोमधल्या पोराची दया लगेच येत नाही मला. त्या लेथवाल्या भावाची येते. दोन्हीत फरक आहे आणि तो फरक टीव्हीवाले दाखवत नाहीत. त्यांच्याकडं दोघं एकाच पोत्यात.

काळाकोट
ताई, स्क्रीनशॉट पुसू नका, तारखेसकट ठेवा. बाईनं स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ऑनलाइन पिच्छा पुरवणंही त्यात येतं. म्हणून ब्लॉक करायच्या आधी एकदा स्पष्ट "नको, पुन्हा मेसेज करू नका" लिहा. ते एक वाक्य पुढं फार उपयोगी पडतं.

शिवाजीपेठेतली
हे कुणी सांगितलंच नव्हतं. आजच लिहितो.

अनामिक_रंकाळा
याच धाग्यासाठी आयडी काढला.

मी त्यातला आहे. कळायला लागल्यापासून. चाळिशी उलटली, लग्न झालंय. कुणाला मेसेज केला नाही, कुणाचा फोटो काढला नाही, बसमध्ये कुणाकडे टक लावून बघितलं नाही. उलट इतकं सांभाळतो की देवळाबाहेर चपला काढतानासुद्धा नजर वर ठेवतो. शिवाजीपेठेतल्या ताईंचं वाचून हात थरथरले, कारण लोकांच्या डोक्यात माझी जागा त्या मेसेजवाल्यांच्या शेजारी आहे.

एकदा सासुरवाडीला सगळे टीव्ही बघत बसलो होतो. असाच प्रसंग लागला. मेव्हणा म्हणाला, "असल्यांना वेड्यांच्या इस्पितळात घातलं पाहिजे." सगळे हसले, बायको पण हसली. मी पाणी प्यायला म्हणून उठलो, आणि स्वयंपाकघरात किती वेळ नुसता माठाजवळ उभा राहिलो. तिला सांगायचं मनात होतं, त्या रात्रीपासून तो विषय मिटला.

निळीसावली
दादा, लिहिलंत हे फार झालं.

मंगळवारपेठी
भावा, तू काय गुन्हा केला न्हाईस. ताठ रहा.

दोनवेण्या
अनामिक दादांसाठी मुद्दाम लिहितेय, कुकर लावून.

माझ्या नवऱ्यानं मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं. कळंब्याला तलावावर फिरायला गेलो होतो, तोंड दुसरीकडं करून बोलला. मला आधी हसूच आलं, पण त्याचा चेहरा बघून थांबले. मग विचारलं, म्हणजे नक्की काय? त्यानं सांगितलं. मी म्हटलं एवढंच? मला वाटलं कर्ज काढलंयस.

लगेच सगळं गोड झालं असं नाही. मला तळव्याला गुदगुल्या होतात, तिथं हात नको म्हणून सांगितलं. दमलेली असेन तेव्हा नको. तो ऐकतो. आता दर रविवारी माझ्या भेगांना मलम लागतं, जोडवी घट्ट झाली तर माझ्याआधी त्याला कळतं. तुमची बायको हसली तेव्हा तिला तुमच्या मनातलं माहीत नव्हतं हो. टीव्हीवरच्या अनोळखी माणसाला हसणं वेगळं. एकदा सांगून बघा, पण घरात चार माणसं असताना नको.

गावठी_कोंबडा
"मला वाटलं कर्ज काढलंयस" 😂😂 वहिनी जबरदस्त!

कटिंगरूम
मी कोल्हापूरचाच, काही वर्षं गोरेगावला रिअ‍ॅलिटी शोच्या एडिटिंगला होतो. कोणता शो ते सांगत नाही.

ते "बाकीच्यांचे चेहरे" धागाकर्तीनं लिहिलेत ना, ते बहुतेक वेळा त्या क्षणाचे नसतातच. प्रत्येक माणसावर वेगळा कॅमेरा असतो, तासन् तास फुटेज. कुणी शिंकेच्या आधी नाक मुरडलं, कुणाला जेवण आवडलं नाही, ते चेहरे आम्ही बाजूला काढून ठेवायचो आणि हवे तिथं चिकटवायचो. वाक्यंही तशीच. दोन दिवशी बोललेले तुकडे जोडून एक वाक्य बनवतात, धंद्यात त्याला फ्रँकनबाइट म्हणतात. ऐकताना शंका आली तर बघा, वाक्याच्या मधोमध बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, तेव्हा खिडकी नाहीतर दुसराच माणूस दाखवलेला असतो.

एका सहभागी मुलाचा असाच भाग माझ्याकडं आला होता. पूर्ण मुलाखतीत तो शांतपणे सांगत होता की आधी विचारतो, समोरच्याला नको असेल तर विषय सोडतो. ते सगळं उडवायला सांगितलं. उरलं काय, तर "मला पाय आवडतात" आणि मागून घसरगुंडीचा आवाज. वर विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "विचारतो म्हटल्यावर गंमत काय राहिली?" विचारणंच कापून टाकल्यावर बघणाऱ्याला विचारणारा आणि न विचारणारा सारखाच दिसणार. शिवाजीपेठेतल्या ताई म्हणतात ते एकच पोतं तिथं शिवलं जातं.

सदाफुली
बापरे! मग त्या मुलाला नंतर तक्रार करता येत नाही?

कटिंगरूम
आधीच सही घेतलेली असते. बोललेलं कसंही कापायचा हक्क निर्मात्याचा, असं बहुतेक करारात असतं. वाचून सही करणारे विरळाच.

जुना_राजारामपुरी
मला मात्र हा विषय चारचौघात आणणं पटत नाही. आपल्याकडे पायांवर डोकं ठेवतात, कन्यादानात जावयाचे पाय धुतात. त्यात हे मिसळलं की मन खट्टू होतं. टीव्ही तर सुनेसमोर, नातवांसमोर चालू असतो. टिंगल करू नये हे शंभर टक्के मान्य. पण दाखवूच नये, हे माझं मत.

निळीसावली
काका, सुना-नातवांसमोर नको हा मुद्दा मान्य. पण वाड्यातल्या त्या जोडप्याच्या काळी असले शो नव्हते, तरी त्यांना जावं लागलं. न दाखवल्यानं लोक गप्प बसतात असं मला नाही वाटत.

मनमोकळी
समुपदेशक आहे, दोन पेशंटच्या मधे लिहितेय. अनामिक यांच्यासारखे पुरुष येतात. झोप लागत नाही, चिडचिड होते असं सांगत येतात, आणि निघताना दाराशी थांबून विचारतात, "मॅडम, मी विकृत आहे का?"

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीतून, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मधून, फेटिशिझम (एखाद्या वस्तूबद्दल किंवा अवयवाबद्दल लैंगिक आवड) हे निदानच काढून टाकलंय. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या यादीमध्ये नुसती आवड हा आजार नाही. त्यापायी माणसाला खूप त्रास होत असेल किंवा जगणं अडत असेल तरच निदान होतं. मेव्हण्यांना हे सांगायला हरकत नाही.

एकटेपणाबद्दलही. इटलीतल्या बोलोन्याच्या संशोधकांनी २००७ मध्ये इंटरनेटवरचे असे गट तपासले होते, त्यात शरीराच्या एखाद्या भागाची आवड असलेल्यांत पाय आणि पायाची बोटं ४७ टक्के, सगळ्यात वर. गटात येऊन बोलणाऱ्यांचाच हा हिशोब, सगळ्या समाजाचा नव्हे, पण तुम्ही एकटे नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

ऊसाचारस
मॅडम, हे हुतं कशानं पण?

मनमोकळी
ठाम उत्तर नाही. मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो, त्याच्या जुन्या मांडणीत पायाची जागा जननेंद्रियांच्या जागेला लागून दाखवतात. मेंदूचे अभ्यासक डॉ. व्ही. एस. रामचंद्रन पाय गमावलेल्या रुग्णांवर काम करत होते. काहींना संबंधाच्या वेळी नसलेल्या पायात संवेदना व्हायची. त्यावरून त्यांनी सुचवलं की दोन शेजाऱ्यांच्या तारा एकमेकांत गुंतत असतील. सिद्ध झालेलं नाही, पण तर्क विचार करण्यासारखा आहे. पेशंट आले, जाते.

सीपीआर_समोर
पायांचाच विषय आहे म्हणून, मी ड्रेसिंगला असते. शुगर असलेल्यांनी रोज रात्री तळवे बघा हो! काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळल्यावर येतात. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्याला बघायला सांगा. दोनवेण्या ताईंच्या नवऱ्यासारखा कुणी असेल तर माझं काम निम्मं होईल.

अनामिक_रंकाळा
सगळं वाचलं. मॅडमचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवलाय. बायको माहेराहून शनिवारी येतेय. कळंबा लांब पडतो आम्हाला, रंकाळ्याला चालत जाता येतं. बघतो.

दोनवेण्या
गर्दी नसते तिकडं जा, संध्यामठाच्या बाजूला. आणि आधी तिला भेळ खाऊ घाला, उपाशीपोटी कुठलीच बायको नीट ऐकत नाही.

गावठी_कोंबडा
भेळ खासबागला. रंकाळ्याची तेवढी न्हाई.

मंगळवारपेठी
रंकाळ्याच्या भेळेला नाव ठेवणाऱ्या, तू भेट एकदा.

सदाफुली
चप्पललाईन दादा, रविवारी दुकान उघडं असतं का? मिस्टरांना घेऊन येते, माप त्यांनाच काढू दे म्हणते.