‘साजरा करणे’ : गेलेल्या वादकाला साजरं करता येतं का?

एका वाक्यापाशी दोन दिवस अडकले आहे. वाक्य असं : ‘जून १९८९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर ऑडिटोरियममध्ये क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिस या बँडचे चाहते जमले आणि त्यांनी जॉन सिपोलिनाला...’ पुढचं क्रियापद सुचत नाही. इंग्रजी लिहिणारा इथे ‘सेलिब्रेट’ म्हणून मोकळा होतो. मी ‘साजरं केलं’ लिहिलं आणि खोडलं. ज्याच्यासाठी सगळे जमले होते तो महिन्यापूर्वीच, २९ मे रोजी गेला होता.

हा बँड ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण शब्द कोणता घ्यायचा ते त्यावरच ठरणार आहे. साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत जे सायकेडेलिक रॉक उगवलं त्यातला हा पहिल्या फळीतला बँड. ग्रेटफुल डेड आणि जेफरसन एअरप्लेन यांच्या बरोबरीनं, त्याच सभागृहांत वाजवणारा. त्यांच्याइतकं नाव मात्र याला मिळालं नाही. पहिला अल्बम १९६८चा, दुसरा ‘हॅपी ट्रेल्स’ १९६९चा. या दुसऱ्याची अख्खी पहिली बाजू म्हणजे अमेरिकी गायक-गिटारवादक बो डिडलीच्या एका गाण्याभोवती रचलेलं सुमारे पंचवीस मिनिटांचं सलग वादन, मैफलीत ध्वनिमुद्रित केलेलं. मध्ये एका टप्प्यावर वाद्यं जवळजवळ गप्प होतात आणि समोरचे लोक टाळ्या देतात, ओरडतात, ठेका धरतात. ते सगळं तबकडीत तसंच ठेवलं आहे. या बँडचे चाहते असे रेकॉर्डच्या आतच बसलेले आहेत. मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

सिपोलिना त्यातला गिटारवादक. १९४३चा जन्म, आई पियानोवादक. १९७०च्या सुमारास त्यानं बँड सोडला, मग कॉपरहेड, डायनोसॉर्स अशा कितीतरी बँडमधून वाजवत राहिला. फुप्फुसाच्या दुखण्यानं गेला तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता.

त्या जूनमधल्या मैफलीत पियानोवर निकी हॉपकिन्स होता, पीट सीअर्स होता, बँडमधला जुना साथी डेव्हिड फ्रायबर्ग होता आणि सिपोलिनाचा भाऊ मारिओसुद्धा. सगळे वाजवत होते. म्हणून ‘श्रद्धांजली वाहिली’ मला बसत नाही. अंजलीत हात जोडलेले असतात, मान खाली असते, दोन मिनिटं शांतता असते. इथे आवाज होता. ‘आदरांजली’चं तेच. ‘स्वरांजली’ हे कार्यक्रमाचं नाव म्हणून ठीक, पण वाक्यात क्रियापद म्हणून वापरलं की निमंत्रणपत्रिकेचा वास येतो. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद –

खोडलंत ते बरं केलंत. पुण्यतिथी ‘साजरी’ होत नाही, ती पाळतात किंवा करतात. साजरी होते ती जयंती. वाढदिवस फक्त हयात माणसाचा. तेव्हा २४ ऑगस्ट ही सिपोलिनाची जयंती, ती चाहत्यांनी खुशाल साजरी करावी. २९ मे हा स्मृतिदिन. ‘पुण्यतिथी मोठ्या उत्साहात साजरी झाली’ असं बातम्यांत छापून येतं तेव्हा अंगावर काटा येतो. आपण तरी ती चूक करू नये.

प्रतिसाद –

नियम इतका कडक नाही. आपल्याकडे ‘संजीवन समाधी सोहळा’ म्हणतातच ना? तुकाराम बीज, दासनवमी हे देह ठेवल्याचेच दिवस आणि त्यांना लोक उत्सव म्हणतात. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा १९५३ साली शिष्यांनी गुरूच्या स्मृतीसाठी सुरू केला आणि तिथे कुणी रडायला जात नाही. ज्या माणसाचं काम त्याच्यामागे चालू राहतं त्याच्या जाण्याच्या दिवसाला मराठी माणूस सोहळा म्हणू शकतो. नियम घरातल्या माणसाला लागू, संतांना आणि गवयांना नाही.

माझं उत्तर –

दोघांचंही पटलं आणि तरी वाक्य अडलेलंच आहे. मग लक्षात आलं की अडचण दुःखाची नाहीच, कर्माची आहे. व्याकरणातलं कर्म. मराठीत साजरा होतो तो सण, वाढदिवस, विजय, सोहळा. प्रसंगच साजरा होतो, माणूस कधीच नाही. ‘आम्ही आजोबांना साजरं केलं’ हे वाक्य मराठी नाही, मग आजोबा हयात असोत वा नसोत. इंग्रजीत माणूस थेट कर्म होऊ शकतो, मराठीत त्याच्यासाठी एखादा दिवस तरी लागतो.

एक वाट जुन्या अर्थातून निघते का ते पाहिलं. ‘दुरून डोंगर साजरे’ यातलं साजरं म्हणजे देखणं, शोभिवंत. ‘साजिरं गोजिरं’ मध्येही तेच. या अर्थानं ‘साजरं करणे’ म्हणजे देखणं करणं, सजवणं. चाहते नेमकं तेच करतात : त्याचं जुनं वाजवणं काढतात, पुसतात, नव्या कानासमोर मांडतात. कल्पना मला फार आवडली. पण आजचा वाचक ‘सिपोलिनाला साजरं केलं’ वाचून डोंगराकडे जाणार नाही, त्याला भाषांतराचाच वास येईल. सोडून दिली.

प्रतिसाद –

थोडं विषयांतर. तुम्ही त्याच्या वाजवण्याचं वर्णन कोणत्या शब्दात करणार आहात? मी त्याला ऐकलाय आणि त्या सुराला मराठी शब्द मला तरी सापडलेला नाही. गिटारच्या त्या दांडीला सगळे ट्रेमोलो म्हणतात, तेवढं माहीत आहे.

माझं उत्तर –

हे विषयांतर नाही, मला तर हेच मुख्य वाटतं.

आधी दांडीबद्दल. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. सूर वरखाली होणं म्हणजे व्हायब्रॅटो. गिटारची दांडी दाबली की तारांचा ताण बदलतो, सूर हलतो, म्हणजे ती व्हायब्रॅटोची दांडी. पण फेंडर कंपनीनं १९५४च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर तिला ट्रेमोलो म्हटलं, आणि त्याच कंपनीच्या अॅम्प्लिफायरवर जिथे व्हायब्रॅटो लिहिलेलं असतं तिथून बहुतेक वेळा आवाजच लहान-मोठा होतो. दोन्ही नावं उलटी बसली आणि तशीच रुळली. सिपोलिनाच्या गिब्सन एसजी गिटारवर बिग्सबी कंपनीची दांडी होती. बिग्सबीनं तिला व्हायब्रॅटोच म्हटलं, ते बरोबर होतं.

आता मराठी. ‘कंप’ चालेल, पण तो भूकंपातून आणि तापातून येतो. ‘कापरा सूर’ हा शब्द मला सुंदर वाटतो, पण कापरा म्हटलं की भीती, म्हातारपण, घशात अडकलेलं रडू येतं. सिपोलिनाचा सूर दुबळा नाही. शास्त्रीय संगीतातलं ‘आंदोलन’ अर्थानं सगळ्यात जवळ : दरबारी कानड्यातला कोमल गंधार जसा संथ हेलकावत राहतो, तसं. फरक एवढाच की सिपोलिनाचा हेलकावा पुष्कळदा जलद असतो आणि सुराच्या शेवटी येतो, सूर सोडतानाच तो थरथरतो. शिवाय रोजच्या मराठीत आंदोलन म्हटलं की मोर्चा आणि घोषणा. ‘गमक’ फार जोरकस. ‘मींड’ एका सुरावरून दुसऱ्यावर जाते, हा तर त्याच सुरावर परत येतो.

मी ‘थरथरता सूर’ यावर आले आहे. पान थरथरतं, ज्योत थरथरते. त्यात दुबळेपणा येईलच असं नाही. आणि एक वस्तू तर सतत थरथरते, ती म्हणजे तळहातावर घेतलेला पारा. बँडचं नावच ते आहे.

प्रतिसाद –

पाऱ्याचं जरा उलगडून सांगाल? मला ते नाव नेहमी कुरियर कंपनीचं वाटत आलं आहे.

माझं उत्तर –

नावामागे जन्मतारखा आहेत. सिपोलिना आणि फ्रायबर्ग दोघांचा जन्म २४ ऑगस्टचा. दुसरा गिटारवादक गॅरी डंकन आणि ड्रमवादक ग्रेग एल्मोर दोघांचा ४ सप्टेंबरचा. चौघेही पाश्चात्त्य पद्धतीनं कन्या राशीचे. सुरुवातीला त्यांच्याबरोबर असलेला जिम मरे मिथुनेचा. दोन्ही राशींचा स्वामी मर्क्युरी, म्हणजे बुध. मर्क्युरी हेच पाऱ्याचं नाव, त्याचं दुसरं नाव क्विकसिल्व्हर. मर्क्युरी हा रोमन देवांचा निरोप्याही. आणि कन्या रास सेवेची मानली जाते. पारा, निरोप्या, सेवा : तीन शब्द असे एका ओळीत आले.

मराठीत ही साखळी अर्ध्यावर तुटते. मिथुन आणि कन्येचा स्वामी आपल्याकडेही बुधच, तिथपर्यंत सगळं जुळतं. पण आपला बुध चंद्राचा मुलगा, निरोप्या नव्हे. आणि पाऱ्याचं नाव बुधावरून पडलेलं नाही. रसशास्त्रात पाऱ्याचं नातं शिवाशी आहे. शिवाय निरयन पंचांगानं २४ ऑगस्टला आणि ४ सप्टेंबरलाही सूर्य सिंहेत असतो, त्यामुळे आपल्या ज्योतिषानं त्यांची सूर्यरास सिंह ठरली असती आणि बँडचं नाव काही वेगळंच पडलं असतं.

उलट मराठीत एक नवी गाठ बसते. संस्कृतात पाऱ्याला ‘रस’ही म्हणतात. संगीतातला रस वेगळा, व्युत्पत्ती जुळवण्याचा माझा हट्ट नाही, पण पाऱ्याचं नाव घेतलेल्या बँडच्या श्रोत्यांना ‘चाहते’ऐवजी ‘रसिक’ लिहिताना मला मनापासून आनंद झाला. आणखी एक : ‘क्विक’चा जुना अर्थ वेगवान नव्हे, जिवंत. क्विकसिल्व्हर म्हणजे जिवंत चांदी.

प्रतिसाद –

‘कल्ट बँड’चं काय करणार? पंथीय बँड?

माझं उत्तर –

‘कल्ट’ तसाच ठेवते. ‘पंथ’ म्हटलं की दीक्षा आली, गुरू आला, इतर पंथांशी भांडण आलं. या श्रोत्यांचं तसं काही नाही. संख्येनं थोडे आणि प्रेमानं घट्ट, एवढंच. ‘सायकेडेलिक’ही तसाच. हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञानं पन्नासच्या दशकात घडवला, मन उघड करणारं या अर्थानं. आपल्याकडचे ‘भ्रमजनक’सारखे पर्याय नेमके उलट दिशेनं जातात.

पंथाचा मूळ अर्थ मात्र मला दुसरीकडे उपयोगी पडला. ‘हॅपी ट्रेल्स’ हे घोडेस्वारांचं निरोपाचं गाणं, रॉय रॉजर्स आणि डेल इव्हान्स यांनी लोकप्रिय केलेलं. अल्बम त्यानंच संपतो. मुखपृष्ठावरही घोड्यावरून निघालेला काऊबॉय आणि मागे राहिलेली बाई आहे. या दोन शब्दांना मराठीत ‘आनंदी वाटा’ म्हणणं म्हणजे त्यांचा जीव घेणं. आपण निरोप देताना म्हणतो ते ‘शुभास्ते पंथानः सन्तु’ त्याच्या अगदी शेजारी उभं आहे.

प्रतिसाद –

तुमच्या मूळ वाक्यासाठी एक सुचवू? ‘जागर’. देवीचा जागर, खंडोबाचा जागर. रात्रभर वाद्यं वाजतात, गाणी होतात, कुणी झोपत नाही. आणि त्यात माणूस कर्म होत नाही, षष्ठीत येतो : अमक्याचा जागर. तुमची व्याकरणाची अडचण तिथेच सुटते.

माझं उत्तर –

सुटली! इंग्रजीतही मृतापाशी रात्र जागवण्याला ‘वेक’ म्हणतात, तोही जागण्यातूनच आलेला शब्द. तिकडून उचलण्याची गरज नाही, आपल्याकडे तो वाद्यांसकट आहे. शंका एकच : जागर देवाचा असतो. सिपोलिनाला देव करायचं नाही. म्हणून त्याचा नको, त्याच्या सुरांचा. ‘सुरांचा जागर’ हा प्रयोग आता रुळलेला आहे आणि इथे तो शब्दशः खरा आहे. त्याची सहा भोंग्यांची, माणसापेक्षा उंच अॅम्प्लिफायरची रास क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मांडून ठेवली आहे. बघणाऱ्याला ती दिसते, पण तिच्यातून आवाज येत नाही. सुरांना जागवावं लागतं, ते माणसांनीच.

नावामागे ‘कै.’ लावणार नाही. कैलासवासी, वैकुंठवासी, ख्रिस्तवासी यांतला वास कुठे ते आपण ठरवू नये. ‘दिवंगत गिटारवादक’ असंही लिहिलं होतं, तेही काढते, कारण २०१९ साली गॅरी डंकनही गेला. बँडच्या त्या दोन गिटार एकमेकींशी बोलत असत, आता ‘दिवंगत’ म्हटलं तर कोणता हे सांगावं लागेल.

तर वाक्य असं होतंय : ‘जून १९८९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर ऑडिटोरियममध्ये क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिसचे रसिक जमले आणि त्यांनी जॉन सिपोलिनाच्या थरथरत्या सुरांचा जागर केला.’ ‘केला’ की ‘मांडला’, एवढंच आता सांगा.