रापणीत वाटा आहे, सुनावणीत नाही
"पारंपरिक मच्छीमारांची मतं जास्त, तरी सरकार पर्ससीनवाल्यांचंच का ऐकतं?" (पर्ससीन म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणारं बोटीवरचं मोठं जाळं.) या प्रश्नाला बहुतेकजण "पैसे खाल्ले" असं उत्तर देतात. तेही असेल, पण मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६५ सालीच दाखवलं होतं की फायदा मोजक्यांना भरपूर आणि तोटा हजारोंना थोडाथोडा असला, की मोजकेच एकजूट करतात.

पण मग आमच्या मालवणकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला चाळीस-पन्नास माणसं पहाटे जमतात ती कशी? दोरीला हात लावला की वाटा मिळतो म्हणून. उशिरा आलेल्या पोरालाही पिशवीभर बांगडे. तेच आमचे काका जिल्ह्याला पर्ससीनबंदीच्या सुनावणीला निघाले की एसटीचं भाडं पदरचं, दिवस बुडीत, आणि बंदी आलीच तर तिचा फायदा घरी झोपलेल्यालाही तेवढाच. शेवटी गेले चौघे. समोर पर्ससीन बोटींचे मालक वकील घेऊन. २०१६ च्या अधिसूचनेने राज्याच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली, हे खरं. पण जानेवारीत बोट दिसली तर तक्रार द्यायला पुन्हा जायचं कोणी? काका तर आता सरळ म्हणतात, "माका जाळी शिवूची आसत."